एकोणीस झाकणांचा माणूस

"मला कसलं टेन्शन? मी नुसतं पाणी सोडतो."

भैरूनं हे सांगितलं तेव्हा त्याच्या दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळलेला होता, आणि जुईली डॉक्टर काट्याकडं बघून तिसऱ्यांदा फुगा दाबत होत्या. तो खोटं बोलत नव्हता. करंजमाळात टेन्शन हा शब्द दुसऱ्यांचा होता. हिंजवडीच्या कंपन्यांत संगणकापुढं बसणाऱ्यांना टेन्शन असायचं, जमिनी विकून मोकळे झालेल्यांना असायचं, दहावीच्या पोरांना असायचं. ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्याला ते कुठून येणार? रस्त्यातलं झाकण उचलायचं, खाली चावी घालायची, आटे फिरवायचे, झाकण लावायचं, पुढं चालायचं. बारा वर्षं तो एवढंच करत आला होता.

अठ्ठ्याण्णव साली, चांदे गावाच्या अलीकडच्या या करंजमाळानं नदीकाठी विहीर खोदली, टेकाडावर टाकी बांधली आणि गावात नळ आणले. आळ्या पाच, म्हणून व्हॉल्व्ह पाच. ते फिरवायला माणूस हवा होता. सरपंच दादासाहेबांनी एकेचाळीस वर्षांच्या भैरूचं नाव सुचवलं आणि कारणही सांगितलं, "याला उलटं बोलता येत न्हाई. ह्योच बरा." सगळे हसले, भैरूही हसला. त्याला वाटलं, आपलं कौतुकच झालं.

तेव्हाचं काम खरंच सुखाचं होतं. सकाळी सहाला तो छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा. एका आळीला अर्धा तास. चावी फिरवली की तो वाकून उघड्या पाइपावर तळवा ठेवायचा. आधी लोखंड गार आणि मुकं असायचं, मग आत कुठंतरी थरथर यायची, आणि मग आळीतल्या नळांचे घसे साफ झाल्यासारखे आवाज यायचे. ती थरथर हाताला लागली की भैरू उठायचा. कुणाच्या घरी लग्न असलं तर त्या आळीला पाव तास जास्त, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. खंडेनवमीला साळूबाई ती चावी चिंचेनं घासून चुलीपाशी उभी करायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. नऊ वाजता चावी दारामागच्या खिळ्याला अडकवली की भैरू सुटला. मग खाचरं, गुरं, देवळाच्या पारावरच्या गप्पा. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत त्याच्या डोक्यात नसायचं.

गाव कधी वाढलं ते त्याला झाकणांवरून कळलं. खाचरांच्या जागी खोल्या उठल्या. कंपन्यांचे पहारेकरी, गाड्यांचे ड्रायव्हर, कँटीनमधली माणसं भाड्यानं राहायला आली. मग ओढ्याच्या अंगाला दहा दहा मजले आले आणि त्यांच्यामागून नवा रस्ता. व्हॉल्व्ह सात झाले, अकरा झाले, दोन हजार आठपर्यंत एकोणीस झाले. विहीर तीच राहिली. टाकी तीच राहिली. त्यात वीज जाऊ लागली. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं आणि वीज स्वतःच्या मर्जीनं. मोटर बंद पडली की टाकी अर्धी, टाकी अर्धी की शेवटच्या आळ्या कोरड्या. यातलं काहीच भैरूच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात चावी होती, आणि लोकांना तीच दिसायची.

या वाढीच्या मधेच, दोन हजार चार साली, पंचायतीनं त्याला मोबाइल घेऊन दिला होता. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर दादासाहेबांनी रंगानं नंबर लिहून घेतला: पाण्याच्या तक्रारीसाठी. कुणाकडं करायची ते नाव लिहिलं नाही. नंबर पुरेसा होता.

त्या दिवसापासून खिळ्याला अडकवण्यासारखं काही उरलं नाही. चावी खिळ्याला असायची, पण फोन खिशात. तो जेवताना वाजायचा, खाचरात वाजायचा, सोयऱ्याच्या मयतीला वाजायचा. ज्यांचे चेहरे त्यानं कधी बघितले नव्हते ती माणसं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत त्याला विचारायची की पाणी का आलं नाही, कधी येणार, आणि तो कसला पगार घेतो. भैरू एकच सांगायचा, "सोडतो, सोडतो." वीज नाही हे सांगून त्यानं बघितलं होतं, समोरचा म्हणायचा, ते आमचं काम नाही. ते भैरूचंही नव्हतं, पण हे वाक्य त्याला कधी सुचलं नाही.

गावची माणसंही काही मागं नव्हती. कल्पनाच्या चौदा खोल्या भाड्यानं होत्या आणि तिची जीभ त्या चौदा खोल्यांच्या वतीनं चालायची. भर रस्त्यात, चार बायकांच्या देखत ती विचारायची, "भैरूआण्णा, तुमच्या घरचा रांजण भरला का वो? मग आमचा बी भरंल हळूहळू." बायका हसायच्या. खरं म्हणजे भैरूनं स्वतःचं घर मुद्दाम शेवटच्या, एकोणिसाव्या व्हॉल्व्हवर ठेवलं होतं, कुणी बोट दाखवू नये म्हणून. पाणी कमी पडलं की पहिलं त्याचंच घर कोरडं राहायचं आणि साळूबाई हापशावरून हंडे आणायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कल्पनानं त्यावर काहीतरी शोधलंच असतं.

साळूबाईला आधी त्याच्या दातांचा आवाज ऐकू येऊ लागला. झोपेत तो दात असे खायचा की जात्यात खडा सापडावा. तंबाखूची चिमूट होती तिची पुडी झाली. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. घरातली वीज गेली, पंख्याचा आवाज थांबला, की तो ताडकन उठून बसायचा आणि मग बसूनच राहायचा. एका सोमवारी तिनं फोन पिठाच्या डब्यात दडवला. भैरू घरभर शोधत राहिला, आणि शेवटी डबा वाजला. साळूबाईला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही. उंबऱ्यावर बसून धोतराच्या सोग्यानं फोनच्या बटणांमधलं पीठ काढत राहिला. तिला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"अवं, सोडा की ही चाकरी," ती म्हणाली.

"आन् चावी कुणाला द्यू?" तो म्हणाला. "झाकनं म्हाईत हायेत का कुनाला?"

त्यात तथ्य होतं. नव्या रस्त्यांनी निम्मी झाकणं पोटात घेतली होती. कुठल्या विजेच्या खांबापासून किती पावलं, कुठल्या गाळ्याच्या पायरीखाली, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. एकोणीसच्या एकोणीस जागा भैरूच्या डोक्यात होत्या, आणि त्याला वाटायचं की आपण गेलो तर गाव तहानेनं मरेल. खरं तर त्याला ते आवडायचंही. इतक्या शिव्यांच्या बदल्यात माणसाला काहीतरी आवडलं पाहिजे.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात सातव्या झाकणाशी पहिल्यांदा दुखलं. तो व्हॉल्व्ह नेहमीच जाम असायचा. भैरू चावीवर सगळा भार टाकून आटे फिरवत होता, खिशात फोन वाजत होता, आणि छातीच्या मधोमध कुणीतरी गुडघा रोवावा तसं झालं. डावा हात जड पडला. कळ जबड्यापर्यंत चढली. कसेबसे शेवटचे आटे फिरवून तो झाकणाच्या कडेला बसला आणि सवयीनं पाइपावर तळवा ठेवला. थरथर आली. पाणी सुटलं. आणि थोड्या वेळात छातीवरचा गुडघाही निघाला.

भैरूनं याचा सरळ अर्थ लावला. पाणी अडलं की छाती अडते, पाणी सुटलं की छाती मोकळी होते. पुढं पुढं हे महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं, आणि दर वेळी असंच घडलं. जाम व्हॉल्व्ह, कळ, मग बसणं, पाइपावर हात, थरथर, आराम. त्यामुळं त्याला भीतीही वाटली नाही. औषध रोज त्याच्याच हातात होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढल्या फेब्रुवारीत साळूबाईनं त्याला भर रस्त्यात असं बसलेलं पाहिलं. घामानं सदरा अंगाला चिकटलेला आणि सकाळची थंडी. तिनं घरी येऊन लुगडं बदललं आणि म्हणाली, चला. ओढ्याकाठच्या इमारतीत तळाच्या गाळ्यात जुईली डॉक्टरांचा दवाखाना होता. त्या लातूरकडच्या, नवरा हिंजवडीत कामाला, राहायला त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर.

डॉक्टरांनी "या काका, बसा" म्हटलं तेव्हा भैरू क्षणभर दारातच थबकला होता. मग येऊन बसला.

छातीवर चकत्या लावून त्यांनी हृदयाचा आलेख काढला. तो लांब कागद दोन्ही हातांत धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग एकेक विचारत गेल्या. कधी दुखतं, कुठं दुखतं, काय करत असता, तंबाखू किती, झोप किती. सहा वर्षांत धड झोप नाही, हे साळूबाईनंच सांगितलं. आणि शेवटी, डोक्याला ताण आहे का. त्यावर, दंडाला पट्टा असतानाच, भैरू म्हणाला की तो नुसतं पाणी सोडतो. साळूबाई भिंतीकडं बघून म्हणाली, "बाई, ह्यांचा फोन बघा मंजी कळंल." पण डॉक्टरांना तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

भैरूनं मग आपलं औषध सांगितलं. पाणी सुटलं की बरं वाटतं.

"पाणी सुटल्यामुळं नाही काका," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही बसता, म्हणून बरं वाटतं."

त्यांनी सावकाश सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या असाव्यात. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासल्याशिवाय पक्कं कळणार नाही. जोर लावला की हृदय जास्त रक्त मागतं, ते मिळत नाही, म्हणून कळ येते. बसलं की मागणी कमी होते, कळ थांबते. पाण्याचा त्यात काही संबंध नाही. पाणी सुटलं नसतं आणि तो नुसता बसला असता, तरी कळ थांबली असती.

भैरूला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. आजाराची नव्हे. नऊ महिने आपण मरणाशेजारी बसून पाइपावर हात ठेवत होतो आणि त्याला आराम म्हणत होतो, याची.

"पन ह्ये झालं कशानं?" साळूबाईनं विचारलं.

एका कशानं नाही, डॉक्टर म्हणाल्या. तंबाखू आहे, रक्तदाब आहे, वय आहे, त्यातलं काही घराण्यातूनही येतं. पण सततची काळजी या सगळ्यांना हात देते. तिनं रक्तदाब चढा राहतो, झोप जाते, तंबाखू वाढते, आणि नळ्यांना आतून इजा होत राहते. मग त्यांनी भैरूला विचारलं, कधी जीव घेऊन पळाला होतात का?

भैरूला आठवलं. विशीत असताना चांद्याच्या माळावर एक मारका खोंड मागं लागला होता. तो पळत पळत आंब्यावर चढला. खोंड खाली उभा राहून निघून गेला.

"मग किती वेळ छाती धडधडत होती?"

"आसंल पान खायाइतका येळ. मंग उतरलो, घरला गेलो, जेवलो."

"शरीर त्यासाठीच केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "खोंड आला की धडधडायचं, गेला की शांत व्हायचं. तुमचा खोंड सहा वर्षं झाडाखालून हललेला नाही. आणि तुम्ही वर, फांदी धरून."

भैरूचा हात आपोआप खिशाकडं गेला, आणि साळूबाईनं ते पाहिलं.

शहरातल्या दवाखान्यातल्या तारखेचं कळवायला डॉक्टरांना त्याचा नंबर हवा होता. भैरूनं तो पाठ म्हणून दाखवला; त्यांनी आपल्या फोनवर एकेक आकडा दाबला. शेवटचा आकडा दाबला आणि पडद्यावर आधीच लिहून ठेवलेलं नाव आलं. तिथं माणसाचं नाव नव्हतं. नुसतं 'पाणी' असं होतं.

"सकाळी मीच बोलले तुम्हाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. सकाळी सातला त्यांनी विचारलं होतं की माणसं अंघोळ करून कामाला जाणार की नाही, आणि तुम्हा लोकांना लाज वाटत नाही का.

"व्हय," भैरू म्हणाला. "आत आलो तवाच वळखलं. आवाजावरनं."

त्यात राग नव्हता. त्याला गावातले सगळे आवाज ओळखू येत होते, एवढंच. डॉक्टरांनी खाली मान घातली, 'पाणी' खोडलं, पूर्ण नाव विचारलं आणि ते लिहून घेतलं. मग गोळ्या दिल्या, आणि तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. तंबाखू बंद. जाम व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. फोन दुसऱ्याकडं द्यायचा, आजच. दवाखान्याची तारीख एप्रिलातल्या एका गुरुवारची मिळाली.

आज म्हणजे आज काही झालं नाही. दादासाहेबांनी हळहळ व्यक्त केली, आपल्या ओळखीच्या तिघांना असंच झालं होतं आणि तिघेही धडधाकट आहेत असं सांगितलं, आणि माऊलीला त्याच्या हाताखाली दिलं. माऊली तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आधी गाडीवर ड्रायव्हर होता. पंधरा दिवस दोघं गावभर फिरले. भैरू पुढं चालायचा, थांबायचा, पायानं जमीन ठोकायचा, "हितं." माऊली लाल रंगाची फुली मारायचा. कुठं डांबरावर, कुठं पायरीवर, कुठं कुणाच्या कुंपणाच्या भिंतीवर बाण काढून. चावी माऊलीच्या हातात होती आणि आटे तोच फिरवायचा; जाम व्हॉल्व्ह सोडताना भैरू दहा पावलं लांब उभा राहायचा. एकोणिसावी फुली भैरूच्या दारासमोर पडली. तो रंग वाळेपर्यंत तिथंच बसून राहिला. एवढी वर्षं डोक्यात वागवलेलं गाव आता रस्त्यावर सांडलेलं होतं, कुणालाही वाचता येईल असं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याला फक्त थकवा जाणवला, पावसाळाभर नांगर धरून आल्यावर येतो तसा.

माऊलीनं फोन मात्र घेतला नाही. चावी घेतो, पण फोन नको, तो म्हणाला. ड्रायव्हर असताना त्यानं पुरेसे फोन घेतले होते.

गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी पंचायतीची सभा होती. टाकी तीन दिवस अर्धीच भरत होती. कार्यालय माणसांनी भरलेलं, बायका दारात, आणि सगळ्यांत पुढं कल्पना. भैरू घरून निघताना साळूबाईनं फक्त एवढंच विचारलं होतं, "द्यून येताय ना?" तो म्हणाला होता, व्हय.

त्यानं चावी भिंतीला टेकवून उभी केली. फोन टेबलावर ठेवला. उद्या दवाखान्यात जायचं आहे, माऊलीला सगळं दाखवलंय, हा फोन कुणाला तरी द्या, असं तो उभ्यानं सांगून गेला. त्याच्या आयुष्यातलं सभेतलं ते सगळ्यांत लांब भाषण होतं.

दादासाहेबांनी फोनकडं पाहिलं आणि तो न उचलता बोटानं त्याच्याकडं परत सरकवला.

"भैरू, चावी माऊलीकडं दे. पन फोन तुझ्याकडंच ठीव. दवाखान्यात पडल्या पडल्या बोलायचंच तर हाय. येवढा उन्हाळा काढ."

"मी दवाखान्यातनं काय सांगनार, दादासाहेब? पानी माऊली सोडनार."

"सोडतो, सोडतो म्हनायचं. नेहमी म्हंतोस तसं." दादासाहेब हसले आणि जमलेल्या माणसांकडं वळले. "माऊली नवा हाय, उलटं बोलंल, भांडनं व्हतील. शिव्या घालायला बी वळखीचा मानूस लागतो गड्या."

खोली हसली. वाईट मनानं कुणीच हसलं नाही. बऱ्याच जणांचं भैरूवर प्रेम होतं. भैरूलाही सवयीनं हसू यायला हवं होतं. बारा वर्षांपूर्वीचं वाक्य त्याला आठवलं, याला उलटं बोलता येत न्हाई. तर झाकणांसाठी नव्हतंच ठेवलं आपल्याला. झाकणं आज माऊलीलाही ठाऊक होती, तरी त्यांना भैरू हवा होता. आपण गेलो तर गाव तहानेल असं तो समजत होता. गावाला पाण्याची तहान वेगळी होती, आणि शिव्या घालायला माणूस हवा असण्याची ही वेगळी.

टेबलावर फोन वाजायला लागला.

वाजत वाजत तो लाकडावरून किंचित सरकत होता. दादासाहेब म्हणाले, "घे की." सदस्यांनी भैरूकडं पाहिलं. माऊलीनं खाली पाहिलं. भैरूच्या छातीत त्या आवाजानं नेहमीसारखा हिसका बसला, जबडा आवळला, हात पुढं निघाला. हे सगळं त्याच्या आधी त्याच्या अंगानं केलं. हात टेबलाच्या कडेशी आला आणि तिथं थांबला. भैरूनं त्या हाताकडं पाहिलं. मग तो हात उचलून आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला, जिथं फोन असायचा, आणि तिथं गोळ्यांची पट्टी लागली.

तो वळला. दारातल्या बायका बाजूला झाल्या. कल्पनानं सवयीनं विचारलं, "भैरूआण्णा, मंग आज पानी कवा?"

आत फोन वाजतच होता. भैरूनं दारात चपला पायात सरकवल्या आणि 'सोडतो, सोडतो' न म्हणताच उन्हात बाहेर पडला.